चिंचोक्याची खळ

११ ऑगस्ट, सोमवार

आज प्लांटवर नवी मुलगी आली. शिवांजली. जत तालुक्यातल्या कुठल्याशा वाडीची. केमिकलचा डिप्लोमा करून मग डिग्री. रबरी बुटात पँट खोचायची की वरून सोडायची, हे तिनं मला दोनदा विचारलं. तानाजी सर म्हणाले, "तहरीम, हिला तयार कर."

मला कुणी तयार केलं होतं, असं मनात आलं. पण खरं लिहायचं तर मला सरांनीच केलं. फलटणहून आले तेव्हा मला वाटायचं, कचरा डेपोवर केमिस्टचं काय काम? सरांनी मला कचऱ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी नेलं आणि खालून पाझरणारं काळं पाणी दाखवलं. लीचेट. हे तसंच सोडलं तर ओढ्यात जातं, ओढ्यातून विहिरीत जातं. आपण ते तळ्यात अडवायचं, टाकीत घ्यायचं, फेरिक क्लोराइड घालून ढवळायचं, म्हणजे घाण गुठळ्या होऊन तळाला बसते. वरचं पाणी चुना घालून, वाळूच्या फिल्टरमधून काढून झाडांना द्यायचं. सर फौजेत पाणी शुद्ध करणाऱ्या युनिटला होते. त्यांचं एकच सांगणं असायचं, "आदी नाक, मग मीटर."

आज तेच त्यांनी तिलाही सांगितलं, अगदी त्याच आवाजात. मला वाटत होतं ते फक्त माझ्यासाठी आहे.

१९ ऑगस्ट

आमचा गाळ वाढत चाललाय. फेरिकचा गाळ लालसर, आंबट, वाळता वाळत नाही. वाळवायचे वाफे भरलेत आणि पावसाळा अजून संपायचाय. चहाच्या वेळी मी सरांशी याबद्दलच बोलत होते, तर शिवांजली मध्येच म्हणाली, "सर, चिंचोके घालून बघायचे का?"

मी हसले. सर हसले नाहीत.

"आमच्याकडं घोंगड्याला चिंचोक्याची खळ लावत्यात. माझी आत्या रंगूबाई चिंचोके भाजून, कुटून, शिजवून खळ करती. खळीचं भांडं गढूळ पाण्यात धुतलं तर पाणी लगेच निवळतं. कॉलेजात मी त्याच्यावर वाचलंय बी. फेरिक कमी घालायचं आणि वरनं थोडी खळ. गुठळ्या मोठ्या व्हतात, गाळ कमी व्हतो."

"वाचलंय" म्हणाली तेव्हा ती माझ्याकडे बघत होती. वाचलेलं मीही आहे. शेवगा, निवडुंग, चिंचोका, सगळ्यावर लोक लिहितात. काचेच्या जारमध्ये सगळंच निवळतं.

"करून बघ," सर तिला म्हणाले. मला नाही म्हणाले.

२ सप्टेंबर

करून बघितलं. सहा जार ओळीनं लावले. एकात नुसतं फेरिक, बाकीच्यात फेरिक कमी करत करत खळ. मी मुद्दाम पीएच स्वतः तपासला, तिनं काही चूक केली असेल तर दिसावी म्हणून. चूक नव्हती. तिसऱ्या जारमध्ये गुठळ्या साबुदाण्याएवढ्या झाल्या आणि झरझर खाली बसल्या. काळ्या चहासारखं होतं ते वरचं पाणी पातळ चहासारखं झालं. फेरिक जवळजवळ निम्मं, गाळही निम्म्याच्या आसपास.

सरांनी जार खिडकीशी धरला, अगदी नाकाला लावून, आणि तिला विचारलं, "रंग कसा हाय, सांग."

तिला विचारलं! मी शेजारी उभी होते. इतकी वर्षं रंग मी सांगत आले.

९ सप्टेंबर

सरांची मोटारसायकल हल्ली येत नाही. ते सातारा स्टँडपासून तिच्या स्कूटीवर मागे बसून येतात. मी बसनं येते. माझ्याकडे स्कूटी नाही हा माझा गुन्हा.

मला मात्र ऑफिसात बसवलंय. नगरपालिकेची पत्रं, पुढच्या वर्षीच्या रसायनांचा अंदाज, प्रदूषण मंडळाची उत्तरं, सगळं माझ्याकडे. "तू बघ, सही तेवढी माझी घे," म्हणतात. सही कुठे करायची ते बोटानं दाखवायला लागतं, इतकं त्यांचं लक्ष कागदात नसतं. लक्ष सगळं टाकीकडे, आणि टाकीवर ती. दुपारी खिडकीतून बघितलं तर दोघं डोक्याला डोकं लावून मीटरवर वाकलेले. ती आकडा वाचते, ते मान हलवतात. जणू मीटर आजच लागलाय.

१४ सप्टेंबर, रविवार

अम्मीनं तिला जेवायला बोलावलं. मला न विचारता. प्लांटवर फोन केला, तो तिनं उचलला, आणि दोघींच्या गप्पा झाल्या.

आली, जेवली, भांडी घासायला बसली. अम्मी तिला म्हणाली, "मला मेहरुनबी नको म्हणू, अम्मीच म्हण." मग दोघी घोंगडी, वाकळ, लोकर असं कायकाय बोलत बसल्या. जाताना ती मला म्हणाली, "मॅडम, तुमी नसता तर माझा एक जार बी नीट झाला नसता. मी सरांना रोज सांगते."

गोड बोलणं तिला चांगलं जमतं.

ती गेल्यावर अम्मी म्हणाली, "गुणी पोरगी आहे. तुझ्यावर लय जीव आहे तिचा."

मी म्हटलं, "तू तिला आज पहिल्यांदा बघितलंस."

"म्हणून तर दिसलं," अम्मी म्हणाली. काय अर्थ लावायचा याचा?

२३ सप्टेंबर

मोठ्या टाकीवर चाचणी घ्यायची ठरली. सोमवारी, २९ तारखेला. नगरपालिकेचे इंजिनिअर येणार आहेत.

मी सरांना सरळ विचारलं, "चाचणी कोण घेणार?"

"ती घेईल. तू पावण्यांकडं बघ, आकडेवारी सांग. तुला ते जमतं."

"सर, मोठ्या टाकीवर मी काम केलंय. ती नाही."

सरांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी इतक्या वेळा चष्मा पुसलेला मी कधी पाहिला नव्हता. मग म्हणाले, "पोरी, सगळं एकाच माणसानं करायचं दिस संपलं. तिला शिकू दे. तुला पुढं दुसरं काम हाय."

दुसरं काम म्हणजे पत्रं. कळलं.

२९ सप्टेंबर, सोमवार

चाचणी झाली नाही. सकाळीच लाइट गेली, पंप बंद. इंजिनिअर साहेबांनी उद्या येतो असा निरोप दिला. शिवांजलीनं पहाटे येऊन शेडमध्ये शिजवलेली खळ दोन पिंपांत भरून ठेवलीय. दिवसभर उकाडा होता. पिंपं पत्र्याखालीच आहेत.

३० सप्टेंबर

लिहायचं तर सगळं लिहावं.

सकाळी मी तिच्या आधी पोचले. शेडमध्ये गेले आणि एका पिंपाचं झाकण उचललं. खळ आंबली होती. चिकटपणा गेला होता, कडेला बारीक फेस, आणि उतू गेलेल्या आंबिलीसारखा वास. अशी खळ काही धरून ठेवत नाही. उलट घाणीत घाण वाढवते. मला एका श्वासात कळलं.

मागे बघितलं तर शिवांजली दारात उभी. ती माझ्याकडे बघत होती. मी झाकण ठेवलं आणि ऑफिसात गेले, पाहुण्यांच्या चहाचं सांगायला.

मला कुणी काही विचारलं नव्हतं. चाचणी तिची होती. वापरायच्या आधी त्याच पिंपातली खळ घेऊन एक जार लावायचा, हे मी तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलंय. तिनं लावला नाही, त्यात माझा काय दोष?

मला वाटलं होतं, एक टाकी बिघडेल. साहेब नाक मुरडतील. सर तिच्याकडे बघतील, मग वळून माझ्याकडे बघतील.

तसं झालं नाही. गुठळ्या झाल्या आणि लगेच फुटल्या. पिवळा फेस टाकीच्या काठावरून वर आला. जे तळाला बसायचं ते तरंगत राहिलं आणि थेट वाळूच्या फिल्टरमध्ये गेलं. सर काठावर उभे राहून सारखं विचारत होते, "बसतंय का? बसतंय का गं?" कुणी उत्तर देईपर्यंत फिल्टर गच्च झाला आणि पंप बंद पडला. साहेब गाडीत बसले तेव्हा त्यांच्या बुटावर फेस होता.

सरांनी वळून माझ्याकडे बघितलं नाही. ते कुणाकडेच बघत नव्हते.

१ ऑक्टोबर

फिल्टरची वाळू उपसायला माणसं लावली. प्लांट बंद. दुपारी परतीचा पाऊस आला, इतका जोरात की डोंगरावरच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या वाहत तळ्यात आल्या. तळं आधीच काठोकाठ होतं, टाकीत घ्यायला जागा नाही. चारच्या सुमारास बांधाचा ओढ्याकडचा कोपरा खचला.

आम्ही वाळूची पोती टाकली. शिवांजली कमरेएवढ्या त्या पाण्यात उतरली होती. मीही उतरले. ती उतरली म्हणून उतरले की बांधासाठी, कोण जाणे. पोती बसली, पण तोवर बरंच पाणी ओढ्यात गेलं होतं.

३ ऑक्टोबर

ओढ्यापलीकडच्या वस्तीवरून बनाबाई आली. निम्मी मेंढरं विकून तिनं तिथं शेती घेतलीय, विहीर पाडलीय. डोक्यावर कळशी. ऑफिसात शिरली, कळशी सरांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "प्या."

सरांनी कळशीत हात बुडवला, वास घेतला.

"आवं, वास काय घेताय, प्या की! आमी प्यायचं तर तुमी का न्हाई?" ती उभीच होती. "दोन दिस मेंढरं तोंड लावंनात. पोरांना खालच्या गावातनं पाणी आणती. कवा निवळायचं हे?"

शिवांजली पुढे झाली. "मावशी, चूक माझी झाली. माझ्या हातनं प्लांट बंद पडला."

"तुझ्या?" बनाबाईनं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "कुठली गं तू?"

"जतकडची. धनगराची."

"मग तरी तुला कळाया पायजे हुतं, पाणी म्हंजे काय ते."

ती रडली नाही. मान खाली घालून उभी राहिली. सरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. बाहेरच्या कामगारांनीही दिवसभर तिच्याशीच हळू आवाजात बोलायचं ठरवलं होतं.

मी दारापाशी उभी होते. काय वाटलं ते लिहिते, दुसरं कुणी वाचणार नाही. मला वाटलं, आता दोषही तिचाच. तोही माझ्या वाट्याला नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

इंजिनिअर साहेब आले. म्हणाले, "त्या मुलीला काढा. विहिरीच्या तक्रारीला मला काहीतरी उत्तर द्यावं लागेल."

सर म्हणाले, "तिला न्हाई. माझा राजीनामा घ्या. मला दिसत न्हाई, साहेब. वरसभर झालं, डोळ्यांत पडदा येतोय. औषध चालू हाय पर उपयोग न्हाई. टाकीत गुठळ्या फुटल्या त्या मला दिसल्या न्हाईत. दिसल्या असत्या तर मी तवाच बंद केलं असतं. ही चूक माझ्या डोळ्यांची हाय."

स्कूटी. मीटर. सहीवरचं बोट. "रंग कसा हाय, सांग." सगळं माझ्या नाकासमोर होतं आणि मी दुसरंच काहीतरी वाचत बसले होते.

नंतर शेडमध्ये शिवांजली पिंपं घासत होती. मी विचारलं, "तुला सरांच्या डोळ्यांचं माहीत होतं?"

"व्हय. सांगू नको म्हणाले हुते. तुमाला तर अजिबात सांगू नको म्हणाले." मग घासता घासता, वर न बघता ती म्हणाली, "मॅडम, एक सांगू? त्या दिवशी खळीचा वास मला बी जरा वेगळा वाटला हुता. जार लावणारच हुते. पण तुमी झाकण उघडून वास घेतला, आणि काय बोलला न्हाई. मग मला वाटलं, चालंल. बिघडलं असतं तर तुमी थांबवलंच असतं."

ती टोमणा मारत नव्हती. मी तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. तिला खरंच तसं वाटत होतं. अजूनही तसंच वाटतंय.

९ ऑक्टोबर

फिल्टर धुऊन झाला. काल आणि आज मी टाकीवर उभी राहून काम घेतलं, आधी नुसत्या फेरिकवर, मग तिला म्हटलं, खळ शिजव. सकाळी शिजवायची, त्याच सकाळी वापरायची, उरली तर फेकायची. तिनं जार लावला, मी वास घेतला, मग वाल्व उघडला. मोठ्या टाकीत तिसऱ्या जारसारख्याच गुठळ्या झाल्या. त्या बसताना बघून आमचे कामगार टाळ्या वाजवायला लागले. तिनं माझा हात धरला. मी सोडवून घेतला.

तिची कल्पना बरोबर होती. पहिल्यापासून बरोबर होती. हे लिहितानाही हात जड होतोय.

१२ ऑक्टोबर, रविवार

सरांच्या घरी गेले. साताऱ्यात, मागच्या गल्लीत. ते खुर्चीत बसून रेडिओ ऐकत होते. शिवांजली तिथे नव्हती, आणि पहिल्यांदा मला त्याचं बरं वाटलं, नंतर बरं वाटल्याची लाज.

टाकी चालू झाल्याचं सांगितलं. ते खूश झाले. "आता तू बघ सगळं. म्हणूनच तुला कागदांत घातली हुती. प्लांट सांभाळायचा तर कागद यायला पायजे. माझ्या जागेवर तुझं नाव मी कवाच दिलंय."

तेव्हा मी म्हणाले, "सर, डोळे चांगले असते तरी तुम्हाला उशीरच झाला असता. ते वासावरून कळत होतं. मला कळलं होतं."

त्यांनी रेडिओ बंद केला.

"कवा?"

"वाल्व उघडायच्या आधी. मी झाकण उचललं होतं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही मला विचारलं नाही. तुम्ही सगळं तिलाच विचारता."

हे तोंडातून बाहेर पडल्यावर किती पोरकट वाटलं! केस पिकायला लागलेली बाई मी.

सर म्हणाले, "तुला विचारायचं म्हंजे तुला सांगाय लागलं असतं, की मला दिसत न्हाई. तिच्यापुढं मला काय वाटायचं न्हाई. ती काल आली. तुझ्यापुढं वाटायचं."

मी रडले. त्यांनी रडू दिलं. पण जवळ घेतलं नाही, की असू दे म्हणाले नाहीत. उठताना म्हणाले, "मला सांगून काय उपेग? माझी हिर न्हाई बिघडली."

१६ ऑक्टोबर

इंजिनिअर साहेबांना जाऊन सगळं सांगितलं. त्यांना आधी समजेचना, मी का सांगतेय. "पण मॅडम, तुमचं नाव तर कुठेच नव्हतं," दोनदा म्हणाले. शेवटी शिवांजलीवरचा ठपका काढला. माझी बढती रद्द, मॅनेजर बाहेरून येईल. सरांचा राजीनामा तसाच राहिला. डोळे खरंच गेलेत, तो परत घेता येणार नाही.

शिवांजलीला मीच सांगितलं. "तुमी मुद्दाम गप्प बसला?" असं तिनं एकदाच विचारलं. मी हो म्हटलं. ती बूट काढून, स्कूटी काढून निघून गेली.

अम्मीनं विचारलं, "ती आता येत नाही का?" मी ताटं मांडायला घेतली.

१८ ऑक्टोबर

आज ती माझ्याशी फक्त आकडे बोलली. पीएच, डोस, गाळाची उंची. बाकी एक शब्द नाही. कामगारांशी मात्र हसत होती. मला कामगारांचा हेवा वाटला.

१९ ऑक्टोबर, रविवार

उद्यापासून दिवाळी. गेला आठवडाभर वस्तीला नगरपालिकेचा टँकर जातोय, पण टँकर म्हणजे विहीर नव्हे. सकाळी प्लांटचा लहान पंप टेम्पोत घालून बनाबाईकडे गेले. विहीर उपसायची, गाळ काढायचा, झरे परत मोकळे होऊ द्यायचे, दुसरा उपाय नाही. उपसलेलं पाणी ओढ्यात न सोडता आमच्या टँकरनं परत तळ्यावर न्यायचं. शिवांजलीला मी बोलावलं नव्हतं. ती माझ्या आधी तिथे होती, दोर घेऊन.

मी बनाबाईला सांगितलं. काही न लपवता, शिवांजलीच्या समोर.

बनाबाईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दुसऱ्याच्या पोरीवर डूख धरलीस आणि माझी हिर नासवलीस व्हय गं?"

"हो."

"मग बोलत काय बसलीस? पंप लाव."

दिवसभर उपसलं. ऊन कडक होतं. आळीपाळीनं एकीनं खाली गाळ भरायचा, एकीनं वरून दोर ओढायचा. माझा दोर शिवांजलीच्या हातात होता, तिचा माझ्या. खाली उतरताना एकदा वर बघितलं, तिनं दोर मनगटाला दोनदा गुंडाळून घेतला होता. दुपार कलल्यावर खडकातून नवं पाणी झिरपायला लागलं. मी ओंजळीत घेतलं. मातीचा वास, दुसरा काही नाही. वर ओरडून सांगितलं. "बाटली भरा, मॅडम," वरून तिचा आवाज आला, "तपासल्याबिगर कुणी प्यायचं न्हाई." बरोबर होतं. अजून एकदोनदा उपसावी लागेल, मग नमुना पाठवायचा.

वर आल्यावर बनाबाईनं चहा केला, टँकरच्या पाण्याचा. एकच कप धड होता. तो तिनं शिवांजलीला दिला, काठोकाठ भरून. "लय राबलीस गं," म्हणाली. मला काहीच दिलं नाही, विसरली की मुद्दाम, कळलं नाही. मी पंपाची नळी गुंडाळत बसले. तेवढ्यावरूनही मनात तेच आलं, तिलाच का. इतकं सगळं होऊनही. जात नाही ते.

शिवांजली माझ्याजवळ येऊन बसली. तिनं निम्मा चहा बशीत ओतला, बशी स्वतःकडे ठेवली आणि कप माझ्याकडे सरकवला.

मी घेतला.